साडेसहा नंबरची करंगळी

नवं यंत्र आलं त्या सकाळी हवाखोलीतल्या बायकांनी त्याचं स्वागत नव्या जावेचं करावं तसं केलं. तोंडावर हसू आणि पोटात खदखद.

हवाखोली म्हणजे हातमोज्यांच्या कारखान्यातली शेवटून दुसरी खोली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर घालतात ते रबरी मोजे इथे एकेक करून नळीवर चढवायचे, हवेने टम्म फुगवायचे, उजेडाकडे धरायचे आणि गालाजवळून फिरवायचे. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर गालाला वारा लागतो. ऐकायला सोपं आहे, पण गाल तयार व्हायला काही वर्षं जावी लागतात. आता तेच काम हे पांढरं कपाट करणार होतं, तेही मध्येच चहाला न उठता आणि शेजारणीच्या सुनेची चौकशी न करता.

या खोलीची मुकादम होती फुगेवाली. हे तिचं खरं नाव नव्हे हे उघडच आहे, पण कारखान्यात तिला खऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं. लहानपणी बाबांना जेवणाचा डबा द्यायला यायची, तेव्हा टाकाऊ मोजे फुगवून त्यांना नाकडोळे काढत बसायची. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते आता तिच्या स्वतःच्या मुलाला मिसरूड फुटली तरी सुटलं नव्हतं.

यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याला बायकांनी अर्ध्या तासात ‘कॅमेरावाला’ करून टाकलं. त्याने मोजा यंत्रात चढवला, कपाटाने तो फुगवला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि हिरवा दिवा लावला. सहा नंबर पास. सात नंबर पास. साडेसहा नंबर उजवा, पास. साडेसहा नंबर डावा चढवला आणि लाल दिवा लागला. दुसरा चढवला, लाल. पाहता पाहता सगळी टोपली लाल झाली.

बायकांना कोण आनंद झाला! “अगं बाई, दिसत नाही वाटतं ह्याला!” एकीने पदरचा सल्लाही दिला, “चष्मा लावून द्या हो.”

कॅमेरावाला रागावला नाही. उलट त्याचे डोळे लकाकले. त्याने पडद्यावर मोज्याची आकृती मोठी केली, शेजारी दुसऱ्या मापाची ठेवली आणि फुगेवालीला म्हणाला, “ताई, इकडे या जरा. यंत्र खोटं बोलत नाहीये. करंगळी बघा.”

फुगेवालीने पाहिलं. बाकी सगळ्या मापांची करंगळी सरळ. साडेसहा डाव्याची मात्र शेवटच्या पेरापासून बाहेर वळलेली, शेजारच्या बोटाशी अबोला धरल्यासारखी. एकदा दिसल्यावर ती दिसेनाशी होईना. इतकी वर्षं ही करंगळी तिच्या नाकासमोर फुगत होती, आणि तिला वाटायचं, साडेसहा नंबर फुगतोच असा. तिने असे किती मोजे पास केले असतील, आणि ते कुठल्या कुठल्या देशांतल्या हातांवर चढले असतील, याचा हिशेब करायला गेली तर डोकंच गरगरलं असतं. तिला स्वतःचाच राग आला.

पण खरी गोष्ट पुढेच होती. हातमोजा रबराच्या चिकातून निघतो. चिनी मातीचे हात साखळीला उलटे टांगलेले असतात, ते चिकाच्या टाकीत बुडी मारून वर येतात, भट्टीतून फिरून सुकतात आणि त्यांच्यावरची रबराची कातडी सोलून काढली की झाला मोजा. म्हणजे मोजा वाकडा तर साचा वाकडा. आणि या कारखान्यातले झाडून सगळे साचे फुगेवालीच्या बाबांच्या मूळ नमुन्यांवरून ओतलेले होते.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना सगळे ‘साचेवाले’ म्हणत. कारखान्यात एखादं काम अगदी बिनचूक झालं, मग ते दार बसवणं असो की भाकरी थापणं, तर म्हणायची रीत होती, “व्वा, साचेवाल्यांनी केलंय जणू.” ते गेल्यावरही ही रीत तशीच राहिली होती. फुगेवालीला ती ऐकली की बाबा पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटायचं.

मॅनेजरबाई तडकाफडकी आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मागे गिऱ्हाइकांचा ससेमिरा. “प्रत्येक मोज्याचा फोटो मागतायत आता ते लोक. हा माल त्यांना दाखवायचा कसा? एक तर भट्टीत साचे वाकत असतील, नाहीतर नमुनाच चुकलाय. भट्टीची चूक असेल तर भट्टी दुरुस्त करू. नमुना चुकला असेल तर साचेवाल्यांचे सगळेच नमुने पुन्हा तपासायला लागतील. आणि हो, ती दारावरची पाटीही.” साच्यांच्या खोलीच्या दारावर बाबांच्या नावाची पाटी होती. “शुक्रवारी बैठक आहे. कोण बघतंय हे?”

“मी बघते,” फुगेवाली म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला. बाबांच्या नावाला बट्टा लागणार असेल तर निदान खरं काय ते तिला आधी कळायला हवं होतं.

सोबत कॅमेरावाला निघाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा स्वभावच असा की एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय त्याला घास गिळवत नसावा. दोघं साच्यांच्या खोलीत गेली. फळ्यांवर पांढरे हात रांगेने उभे होते, बोटं वर करून, वर्गात सगळ्यांनाच उत्तर येत असल्यासारखे.

“भट्टीत वाकले असते,” कॅमेरावाला एकेक साडेसहा डावा उचलून बघत म्हणाला, “तर एक इकडे वाकला असता, एक तिकडे. हे तर सगळे एकसारखे. जुने फुटले, नवे ओतले, तरी वाक तोच.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो ओशाळला. “म्हणजे... नमुन्यातच आहे ताई.”

फुगेवालीने फळीवरचा एक साचा जवळ ओढला आणि त्याची करंगळी मुठीत धरली. नुसतीच, विचार करताना माणूस पेन्सिल धरतो तशी. तिने डोळे मिटले. ती पाच वर्षांची होती, रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी, आणि मुठीत हेच बोट, हाच वाक, टोकाशी अंगठा बरोबर अडकतो तिथे.

“ही आईची करंगळी आहे,” ती म्हणाली.

आईची डावी करंगळी वाकडी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिसायची कोणाला? आईचा डावा हात शिवताना कापडाआड, एरवी कायम एप्रनच्या खिशात. घरातल्या प्रत्येक फोटोत तो हात कोणाच्या तरी पाठीमागे. घराबाहेर फक्त रस्ता ओलांडताना तो खिशातून बाहेर यायचा, आणि मुलीच्या मुठीत पूर्ण पंजा मावत नाही म्हणून करंगळी पुढे व्हायची.

घरात रबराबद्दल बोलायची सोय नव्हती. आई काज-बटणाची शिवणकामं करायची; तिच्या घरात रबरी चप्पल यायची नाही, गरम पाण्याची पिशवी यायची नाही, खोडरबरसुद्धा यायचं ते दप्तरात लपून. लहानपणी फुगेवालीने विचारलं, “रबर येतं कुठून?” तर बाबा म्हणायचे, “आईला विचार.” “आणि जातं कुठे?” तर आई म्हणायची, “बाबांना विचार.” चीक टाकीत पडेपर्यंतची गोष्ट आईकडे होती, टाकीतून पुढची बाबांकडे, आणि एकाच छपराखाली राहून या दोन गोष्टींची कधी गाठ पडली नव्हती.

त्या संध्याकाळी आई खिडकीशी बटणं लावत बसली होती. फुगेवालीने आडपडदा न ठेवता विचारलं, “आई, बाबांनी कधी तुझ्या हाताचा साचा घेतला होता?”

सुई थांबली. “आज हे काय नवीन?”

“सांग तर.”

आईने दोरा तोडला. सांगायचं की नाही याचा बहुधा तेवढ्यात निकाल लागला, कारण नंतर ती थांबलीच नाही.

“आमचा रबराचा मळा डोंगरावर होता. आमचा म्हणजे काय, राहायला आमचा. माझ्या आजोबांना लहानपणीच कंत्राटदाराने आणलं, जंगल तोडायला. ते झाडसुद्धा तिथलं नव्हे. समुद्रापलीकडून बिया आल्या जहाजातून. झाड परकं, माणसं परकी, मालक तर त्याहून परका. आजोबा म्हणायचे, लांब कुठेतरी कोणी सायकल चालवायला शिकलं आणि मला डोंगर चढावा लागला.”

फुगेवालीला हसू आलं. आईलाही आलं.

“हसतेस काय? खरंच होतं ते. सायकली झाल्या, मग मोटारी झाल्या, की आमच्याकडे झाडांच्या नव्या रांगा लावायच्या. लढाई लागली की आणखी चीक हवा. मग कोणी म्हणे तेलातून रबर करायला शिकलं, की आमच्या रांगा उपटायच्या. आम्हाला मोटार कशी दिसते ते ठाऊक नव्हतं, पण मोटारींचं बरं चाललंय की वाईट ते आमच्या ताटावरून कळायचं. म्हातारे तर आणखी भयंकर सांगायचे. दुसऱ्या एका मुलखात चीक कमी भरला की माणसांचे हात तोडायचे म्हणे. आमच्याकडे हात कोणी तोडले नाहीत बाई. आमच्याकडे नुसतं वजन करायचे.”

“आणि करंगळी?”

“सांगते ना. सूर्य वर यायच्या आत माझा बाबा खोडावर तिरकी चीर द्यायचा. गारव्यात चीक जास्त वाहतो. मग खोडाला बांधलेल्या वाट्या भरल्या की आम्ही पोरं गोळा करायला. उजव्या हाताने वाटी ओतायची, म्हणून बादली डाव्या हातात. एक दिवस उतारावर पाय घसरला. बादली सोडली असती तर काही झालं नसतं. पण मी सोडली नाही. बादलीची तार करंगळीवर आली आणि कट्कन आवाज झाला. बाबा धावत आला. आल्या आल्या काय विचारलं असेल?”

फुगेवालीने मान हलवली.

“‘चीक सांडला का?’ मुकादम आला, तोही तेच. माझी आई आली, तीही तेच. वाईट नव्हते गं ते. घरचं जेवणच त्या बादलीत होतं. नव्हता सांडला. बोट कोणी बसवलं नाही, ते तसंच जुळलं.”

पुढे ती या शहरात आली, कारखान्यात साचे धुवायला लागली. तेव्हा बायकांच्या हाताला सहा नंबर घट्ट आणि सात ढगळ, म्हणून मधलं माप काढायचं ठरलं. साच्यांच्या खोलीतला मुखदुर्बळ तरुण सगळ्या बायकांचे हात बघत फिरला आणि हिच्यापाशी येऊन थांबला. उजवा हात हिने दिला. डावा देईना. तो घाई न करता उभा राहिला. शेवटी हिने हात काढला, तर त्याने करंगळी बघितली आणि विचारलं, “खूप दुखलं होतं का?”

“तसं विचारणारं ते पहिलं माणूस,” आई म्हणाली. “प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात हलता कामा नये म्हणून त्यांनी मनगट धरून ठेवलं. प्लास्टर घट्ट झालं तरी धरलंच होतं. मीही सांगितलं नाही.”

“मग? इतकं छान आहे हे. लपवलंस का?”

आईचा चेहरा मिटला. “लग्न ठरलं होतं आमचं. तेव्हाचे मॅनेजरसाहेब खोलीत आले, तो प्लास्टरचा हात बघितला आणि हसले. म्हणाले, ‘हे काय वाकडं बोट! सरळ करून घ्या ते.’ आणि तुझे बाबा म्हणाले, ‘होय साहेब.’ मी तिथेच उभी होते, साबणाच्या पाण्याची बादली घेऊन. एक शब्द नाही गं. ‘होय साहेब.’ बस्स. बोटासाठी कोणी लग्न मोडतं का? नाही मोडलं. पण नोकरी सोडली, आणि तो मोजा हातात घेणार नाही असं ठरवलं. सरळ केलेला माझा हात मला बघायचा नव्हता.”

आता फुगेवाली पेचात पडली. आई स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगत होती की करंगळी सरळ केली. साचा तिच्या मुठीत सांगत होता की केली नाही. मग एकच अर्थ राहत होता: बाबा सरळ करायचं विसरले. आईच्या हातावरून ठसा घेतला, तो तसाच साच्यात उतरला. म्हणजे चूकच झाली, आणि तीही बावळट चूक. तिला वाईट वाटलं. वाकड्या बोटापेक्षा तो विसराळूपणा तिला जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीकाकांकडे गेली. भट्टीकाका म्हणजे साचे भाजणारे. बाबांच्या बरोबरीचे, निवृत्तीला टेकलेले आणि उकाड्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही असे. कॅमेरावालाही हजर होताच.

“काका, बाबांनी आईच्या हाताचा ठसा घेतला आणि तोच साचा झाला ना? वाक आपोआप उतरला ना त्यात?”

भट्टीकाकांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला शाळेतले दिवस आठवले. “आपोआप? अगं, तू साचेवाल्याची पोर ना? चिनी माती भाजली की आक्रसते. हाताएवढा साचा भट्टीत घातला तर बाहेर पोरीबाळीचा हात येईल. म्हणून नमुना हातापेक्षा मोठा घडवायचा असतो. ठसा नुसता समोर ठेवायचा, मापं घ्यायची आणि एकेक बोट वाढवून कोरायचं.”

“म्हणजे...” कॅमेरावाला पुढे सरकला, “करंगळी हाताने घडवलेली आहे?”

“तीनदा!” भट्टीकाका म्हणाले. “पहिल्या दोन मोडल्या त्याने. मी म्हटलं, अरे बाबा, बरी झालीय की. तर म्हणतो, वाक बरोबर नाही आला, तिची अशी नाहीये. तीन दिवस त्या एका बोटावर बसला होता गाढव. सरळ बोट तर त्याने अर्ध्या तासात केलं असतं.”

“पण साहेबांना होय म्हणाले होते!”

“म्हणाला की. मग साहेब नमुना बघायला आले तेव्हा उजवा दाखवला.” भट्टीकाका खो खो हसले. “साहेब म्हणाले, ‘छान, सरळ केलंत.’ हा म्हणाला, ‘होय साहेब.’ त्याला आयुष्यात तेवढंच बोलता यायचं.”

“आईला का नाही सांगितलं?”

“साहेबांच्या कानावर गेलं असतं तर नोकरी गेली असती. आणि तो म्हणायचा, सांगायला कशाला हवं, एकदा मोजा हातात घेतला की तिला कळेलच. मला वाटलं, कळलं असेल. दुसऱ्याच्या बायकोच्या करंगळीच्या गोष्टी मी कशाला काढू?” मग ते गंभीर झाले. “शुक्रवारचं ऐकलंय मी. भट्टीची चूक म्हणून सांग. माझे चार महिने राहिलेत. साचेवाल्याच्या नावाला धक्का नको.”

फुगेवालीला एकदम आठवलं: बाबा अधूनमधून एक मोजा घरी आणायचे. फुगवून तिच्या हातात द्यायचे, म्हणायचे, “जा, आईला दाखव.” आणि आई तो हातात न घेताच, न बघताच, त्यात सुई टोचायची. फट्ट! बाबा तोंड एवढंसं करून बसायचे. लहानपणी तिला वाटायचं, फुगा फुटला म्हणून वाईट वाटतंय त्यांना. प्रत्येक वेळी तो मोजा डावाच असायचा.

संध्याकाळी तिने आईसमोर न फुगवलेला साडेसहा डावा ठेवला आणि भट्टीकाकांचं बोलणं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. हातातल्या शर्टाला आईने एकाच जागी दोन बटणं लावली.

“तीनदा?” शेवटी तिने एवढंच विचारलं.

“तीनदा.”

आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. मोजा टेबलावर तसाच पडून होता. तो तिने हातात घेतला नाही. फुगेवालीला वाटलं, आता फार उशीर झाला असेल.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत मॅनेजरबाई, भट्टीकाका, कॅमेरावाला आणि टेबलाच्या मधोमध साडेसहाचा पांढरा हात. फुगेवालीने रात्रभर घोकलेलं सगळं विसरून सरळ सांगायला सुरुवात केली. “भट्टीचा दोष नाही. काका स्वतःवर घेतील, त्यांचं ऐकू नका. वाक नमुन्यातच आहे. पण ती...”

दार उघडलं. दारात आई उभी होती. लग्नाआधी सोडलेल्या कारखान्यात तिने त्यानंतर पाऊल टाकलं नव्हतं, आणि पहारेकऱ्याने तिला आत कसं सोडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो बाजूला झाला असावा. ती टेबलाशी आली. तिने डावा हात एप्रनच्या खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर त्या पांढऱ्या हाताशेजारी पालथा ठेवला.

“मी साचेवाल्यांची बायको,” ती म्हणाली. “नमुना हा आहे. ताडून बघा.”

कॅमेरावाला वाकून एकदा साच्याकडे, एकदा हाताकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “तंतोतंत आहे.”

“मग चूक कुठे झाली?” आई म्हणाली. “तुम्हाला सरळ बोटाचे मोजे हवेत, तर नवा नमुना करा, माझी ना नाही. हे साचे फोडायचे तर फोडा. पण त्यांच्या हातून चूक झाली असं म्हणायचं नाही.”

मॅनेजरबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “नाही म्हणणार,” त्या म्हणाल्या. “पाटीही राहील.” आणि मग, न राहवून, अगदी शेजारणीच्या आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्ही कधी घालून बघितलाय का हो तो?”

आईने एप्रनच्या दुसऱ्या खिशातून कालचा मोजा काढला. मोजा घालायची तिला सवय नव्हती. अंगठा दोनदा चुकला. फुगेवाली मदतीला पुढे झाली तर तिने कोपराने दूर सारलं. एकेक बोट बसलं. करंगळी सगळ्यात शेवटी सरकली आणि टोकाला जाऊन टेकली. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. आई तो हात उजेडाकडे धरून बघत राहिली.

“किती वेळा आणला होता गं त्यांनी?” तिने विचारलं. “आणि मी सुई टोचली.”

ती रडली ते तिथेच, सगळ्यांसमोर, आणि डोळे पुसायला तिने तो मोज्याचा हात वापरला नाही.

घरी जाताना मोठ्या रस्त्याशी दोघी थांबल्या. गाड्या थांबायचं नाव घेईनात. आईच्या हातात मोजा तसाच होता आणि येणारेजाणारे वळून बघत होते.

“आई, काढ ना आता तो. लोक बघतायत.”

“बघू देत,” आई म्हणाली, आणि रस्ता मोकळा झाला तशी सवयीने करंगळी पुढे केली. फुगेवालीने ती मुठीत धरली.